अठ्ठेचाळीस खुणा

मरी अण्णांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते टेबलाखाली आडवे पडून एका बोर्डाला शिव्या घालत होते. अस्सल मंड्याकडच्या, बांधावर उभं राहून द्यायच्या शिव्या. नोकरीचा माझा पहिला दिवस. कडक इस्त्रीची साडी, वेणीत मोगरा, आणि कानावर हे. ते बाहेर आले, डोक्यातली जळमटं झटकली आणि म्हणाले, "तुला नव्हे ग बाई. याला. सकाळपासून उठवतोय, डोळे उघडतो आणि परत झोपतो."

"आमची धाकटी असंच करते," मी म्हटलं. "तिच्या तोंडावर पाणी मारावं लागतं."

"मारलं असतं. पण मग मालक, अश्वत्थ सर, मला मारतील."

तिथून आमचं जमलं. पूर्ण नाव मरिस्वामी, गाव मद्दूरजवळचं. मी वनजाक्षी, पण शेडमध्ये सगळे वनजा म्हणायचे. माझ्या तोंडाला पीण्या या आमच्या कारखान्यांच्या वसाहतीतले ट्रकवालेसुद्धा घाबरून असतात. मनात आलं ते बोलून मोकळी होणारी बाई, अशी माझी ख्याती आहे आणि ती मी कधी खोडून काढली नाही. फक्त एकदा, एका सोमवारी, मी बोलले नाही. त्या सोमवारबद्दलच सांगायचं आहे, पण आधी अण्णा कोण होते ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल एक म्हातारा मेकॅनिक होता, गेला.

पीण्याच्या सेकंड स्टेजमध्ये आमची शेड. आम्ही चॉकी केंद्रांसाठी पेटी बनवत होतो. रेशमाच्या अळ्या अंड्यातून निघाल्या की पहिले आठ-दहा दिवस शेतकरी त्या स्वतः वाढवत नाहीत, चॉकीवाले वाढवून देतात. त्या वयाची अळी म्हणजे काळ्या दोऱ्याचा तुकडा. तिला ऊन सोसत नाही, कोरडी हवा तर मुळीच नाही. खोलीत गरम किती, ओल किती हे बघून पंखा, हीटर आणि पाण्याचा फवारा चालू-बंद करायचा, एवढंच आमच्या पेटीचं काम. दिसायला डबा, पण पोटात एक बोर्ड आणि बोर्डावर लिनक्स, म्हणजे अख्खा कॉम्प्युटरच.

तो कॉम्प्युटर अण्णांनी एकट्याने उभा केला होता. शिक्षण विचाराल तर आयटीआय, रेडिओ-टीव्ही. राजाजीनगरात टीव्ही दुरुस्त करायचे. लोक टीव्ही दुरुस्त करायचे सोडून नवे घ्यायला लागले तेव्हा अण्णांनी कुठून कुठून कागद छापून आणले आणि इंग्रजी ओळीखाली बोट सरकवत लिनक्स शिकले. शेडमध्ये डिग्रीवाले इंजिनिअर यायचे, वर्षभर शिकायचे आणि रिंग रोडवरच्या काचेच्या इमारतींत उडून जायचे. जाईपर्यंत अण्णांना पाठीमागे 'मेकॅनिक अंकल' म्हणायचे आणि बोर्ड उठेना की त्यांच्याच खुर्चीशी येऊन उभे राहायचे. अण्णांना ते माहीत होतं. लागत होतं त्यांना. एकदा मला म्हणाले, "टीव्हीवाल्याला कोणी सर म्हणत नाही ग. टीव्ही चालू झाला की त्याची चप्पल कुठे आहे ते दाखवतात."

पेटी उठते कशी ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मी टेस्टिंगला. मला ते कळायला हवं असं त्यांचं म्हणणं. बाकी कोणाला तसं वाटत नव्हतं, बाईने आकडे बघून खूण करावी, संपलं.

"वीज आली की आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो," अण्णा म्हणाले. "त्याला फार अक्कल नाही. तो पडद्यावर आपलं तुतीचं हिरवं पान दाखवतो आणि मोठ्याला उठवतो. मोठा म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा. पैलवान माणूस. पण उठल्याउठल्या पैलवान उघडा असतो, ना भांडं, ना चूल. फवारा कधी सोडायचा, किती गरम चालेल, त्याचं सगळं सामान रूट फाइलसिस्टीममध्ये. तेच त्याचं घर. म्हणून छोटा मोठ्याच्या हातात एक चिठ्ठी देतो, तुझं घर अमुक ठिकाणी. मोठा त्या पत्त्यावर जातो, दार उघडतो, आत शिरतो. आत शिरला की पान जातं आणि आकडे येतात."

"आणि दार उघडलंच नाही तर?"

"तर पान तसंच राहतं. पैलवान रस्त्यावर."

"म्हणजे पान दिसतंय म्हणून पेटी चालू आहे असं नाही?"

अण्णांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुठल्या इंजिनिअरने विचारला नाही," ते म्हणाले. मी दिवसभर फुगून होते.

आता यातली मेख ऐका. विकायच्या पेटीचं घर तिच्या स्वतःच्या पोटात, चिपमध्ये असतं. पण काम चालू असताना अण्णा दिवसातून पन्नास बदल करायचे, दर वेळी ते चिपमध्ये कोण लिहीत बसणार? म्हणून कामातल्या बोर्डांच्या चिठ्ठीवर अण्णा स्वतःच्याच कॉम्प्युटरचा पत्ता घालायचे. बोर्ड नेटवर्कच्या तारेवरून जायचा, अण्णांच्या कॉम्प्युटरमध्ये घर मांडायचा आणि तिथलं खाऊन-पिऊन झकास चालायचा. अण्णा त्यांना घरजावई म्हणायचे. "बघ, चार घरजावई बसलेत टेबलावर. माझा कॉम्प्युटर बंद केला तर चौघांची जेवणं बंद."

घरजावई आणि स्वतःच्या घरातला, दोघे बाहेरून ओळखू येत नाहीत. दोघांचंही पान जातं, दोघांचेही आकडे येतात. आणि टेस्टिंगच्या टेबलावर प्रत्येक पेटीला तार लावलेलीच असते, कारण आकडे तारेवरूनच माझ्या कॉम्प्युटरला येतात. म्हणून अण्णांनी एक नियम घातला होता. खोक्यात भरण्याआधी प्रत्येक पेटीची तार काढायची, वीज बंद करायची, परत चालू करायची आणि पान जाऊन आकडे येईपर्यंत समोर उभं राहायचं. माझ्या कागदावर शेवटचा रकाना त्याचाच होता. 'तार काढून'. पेटीमागे पाच मिनिटं जायची.

"तुमचा स्वतःवर विश्वास नाही का अण्णा?" एकदा मी चिडवलं.

"अजिबात नाही. चिठ्ठीवरचा पत्ता बदलायचा कधीतरी मी विसरणार. माणूस आहे, विसरणारच. म्हणून तर तू आहेस."

त्या वर्षी एप्रिलमध्ये सिड्लघट्ट्याच्या बाजूच्या केंद्रांची अठ्ठेचाळीस पेट्यांची ऑर्डर आली. एवढी मोठी आमच्या शेडने कधी बघितली नव्हती. मालक अश्वत्थनारायण हवेतच होते. अण्णांना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मरिस्वामी, ही ऑर्डर नीट जाऊ दे. पहिल्या तारखेपासून तू डिझाइन मॅनेजर. दारावर पाटी लावतो तुझ्या." अण्णांना दार नव्हतं, दोन कपाटांच्या मधली जागा होती. पण पाटीचं त्यांनी मनावर घेतलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी कोणीतरी त्यांना पहिल्यांदा मेकॅनिकऐवजी दुसरं काही म्हणणार होतं. जेवताना नाचणीच्या मुद्द्याचा गोळा मोडता मोडता मला विचारायचे, "पाटी कन्नडमध्ये बरी की इंग्रजीत?" मी म्हणायचे, दोन्हीत लावा, पैलवान दोन्ही दारांनी येईल.

चॉकीचं एक असतं, अंडी थांबत नाहीत. ती फुटायचा दिवस आधी ठरतो आणि त्या सकाळी फुटतातच. पेट्या शनिवारी केंद्रांवर बसायलाच हव्या होत्या. गुरुवारी संध्याकाळपर्यंत अण्णा ओल मोजायच्या सेन्सरशी झगडत होते. तो खोटे आकडे दाखवत होता. ते जमलं, त्यावरून त्यांनी प्रोग्रामची मूळ प्रत बनवली आणि ती अठ्ठेचाळीस पेट्यांत भरली. शुक्रवारी त्यांची बायको जयशीला हिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना मला म्हणाले, "दुपारनंतर येतो. घाई करू नको, एकेक करून घे."

मी सुरुवात केली. तार लावून सगळ्या पेट्या उठल्या, आकडे चोख. अकरा वाजता मालक आले. ट्रक एकला भरायचा होता.

"किती राहिल्या?"

"तार लावून झाल्या सर. आता तार काढून."

"अठ्ठेचाळीस गुणिले पाच? चार तास? वनजा, एकदा उठली ना प्रत्येक पेटी? मग परत उठवून नवीन काय कळणार आहे?"

मला माहीत होतं नवीन काय कळणार आहे. त्या शेडमध्ये अण्णा सोडले तर मलाच माहीत होतं. मी म्हटलं, "अण्णांचा नियम आहे."

"अण्णांच्या नियमाने अंडी थांबणार आहेत का? शेड कोण चालवतं, अण्णा की मी? तुला जमत नसेल तर सांग, तुझ्या जागी बसायला पीण्यात मुली कमी नाहीत."

माझे यजमान तेव्हा वर्षभर घरी बसून होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. खरं तर सबब म्हणूनच सांगते आहे, त्याशिवाय दुसरं काय म्हणून सांगणार? मी बाय-टू कॉफी मागवली, अर्धी शेजारच्या सोल्डरिंगवालीला दिली, आणि कॉफी पीत पीत शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत अठ्ठेचाळीस खुणा केल्या. एकाच पेनने, एका दमात. दोन मिनिटंही लागली नाहीत.

चार वाजता अण्णा आले. ट्रक गेला होता. डोळे लाल, जेवण झालेलं नव्हतं.

"वहिनी कशा आहेत?" मी विचारलं.

"पट्टी बांधलीय. रडू नको म्हटलं तर जास्त रडते." पिशवी ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तार काढून उठल्या ना सगळ्या?"

"हो अण्णा."

"शाबास," ते म्हणाले, आणि डबा उघडला.

शनिवारी आमच्या माणसाने गावोगाव फिरून पेट्या बसवल्या. सिड्लघट्ट्याजवळ मुनिलक्ष्मम्मा नावाच्या बाईचं केंद्र होतं. तिच्याकडे त्याच सकाळी पाच हजार अंडीपुंज फुटले होते, म्हणजे वीस लाखांच्या वर अळ्या. बाकीच्यांची अंडी दोन-चार दिवसांनी फुटायची होती म्हणून ते वाचले. आमच्या माणसाने पेटी लावली, वीज दिली, हिरवं पान आलं. तो म्हणाला, "पहिल्यांदा वेळ लागतो. दार लावून घ्या, सारखं उघडू नका, ओल जाते." आणि पुढच्या गावी गेला.

सोमवारी सकाळी ती बाई शेडमध्ये आली. पहाटेच्या बसने, एकटी, हातात जुन्या साडीत बांधलेला ट्रे. कोणाला काही न विचारता ती मालकांच्या केबिनमध्ये शिरली आणि काचेच्या टेबलावर तिने गाठ सोडली. वाळलेल्या तुतीच्या पानांवर काळी पूड पसरली होती. पूड नव्हती ती.

"हे घ्या," ती म्हणाली. "तुमचं आहे."

"अम्मा, बसा ना, पाणी..." मालक उठले.

"बसायला नाही आले. तीस वर्षं गोणपाटं भिजवून आणि कोळशाची शेगडी ठेवून अळ्या वाढवल्या मी. तुमचा माणूस म्हणाला, ती गोणपाटं काढा, यंत्राला अडचण होते. काढली. दार लावा म्हणाला. लावलं. संध्याकाळी पाला घालायला गेले तर सकाळचा पाला कुरकुरीत. फोन केला तर म्हणतो, थांबा, उठेल. रविवारी इथे फोन केला, नुसता वाजत होता. मीच परत गोणपाटं भिजवून लावली, तोवर काय राहिलं होतं?" तिचा आवाज चढलाच नाही, तेच वाईट होतं. "आणि ते पान दिसत होतं हो सारखं. हिरवंगार. मी त्याला हात जोडले. म्हटलं, विचार करतंय बिचारं."

चाळीस शेतकरी तिच्या अळ्यांच्या भरवशावर तुती राखून बसले होते. त्यांना काय सांगू, तिने विचारलं.

तिने पेटीही आणली होती. मालकांनी ती टेस्टिंगच्या टेबलावर ठेवायला सांगितली. मी तार लावली, वीज दिली. पान आलं, पान गेलं, आकडे आले. छान उठली पेटी.

"चालतेय की!" मालक ओरडले. "बघा अम्मा, चालतेय! तुमच्याच विजेचं काहीतरी..."

अण्णा माझ्या मागे उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी हळूच तार काढली. वीज बंद केली, परत चालू केली. पान आलं. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. पाच मिनिटं, सात मिनिटं, दहा. पान तसंच. मुनिलक्ष्मम्मा भिंतीला टेकून खाली बसली.

अण्णांनी दुसरी बारीक वायर जोडून पेटीच्या मनात काय चाललंय ते स्वतःच्या पडद्यावर आणलं आणि ओळीखाली बोट सरकवत वाचलं. बोट एका ठिकाणी थांबलं. पत्ता त्यांच्याच कॉम्प्युटरचा होता. पैलवान सिड्लघट्ट्याला बसून पीण्यातलं घर शोधत होता, तार नव्हती, दार नव्हतं.

"चूक माझी आहे," अण्णा म्हणाले. "गुरुवारी चिठ्ठी बदलायची राहिली. या सगळ्या घरजावई म्हणूनच गेल्या." मग ते मुनिलक्ष्मम्माकडे वळले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिने तोंड फिरवलं.

थोड्या वेळाने ते उठले आणि मला म्हणाले, "कागद दे."

मी कागद दिला. शेवटचा रकाना त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितला. तार काढून पेटी उठलीच नसती, एकही उठली नसती. हे त्या खोलीत ज्याला समजायचं त्याला समजत होतं. मालक भिंतीवरच्या कॅलेंडरमधला व्यंकटरमण बघत होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. माझं तोंड, जे कुठेही कधीही उघडतं, ते उघडलं नाही. अण्णांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"मरिस्वामी, तू सगळ्यांसमोर कबूल केलंस," मालक म्हणाले. "आता मला दुसरा मार्ग नाही. चार वाजता सामान घे."

त्यांनी पत्र लिहिलं, 'आमच्या एका तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे'. नावासकट. ते पत्र केंद्रांना गेलं आणि पीण्यातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही गेलं. संध्याकाळपर्यंत पीण्यात असं एकही गेट उरलं नाही जिथे अण्णांना आत घेतलं असतं. मी साडेपाचला मागच्या गेटने घरी गेले. अण्णा तेव्हाही कपाटांच्या मध्ये खुर्चीवर बसलेले दिसले. पिशवी मांडीवर. मला वाटलं, हिशेबनीस कागद देईल म्हणून थांबले असतील.

दुसऱ्या दिवशी त्यांचा कॉम्प्युटर बंद करून कोणाला तरी देऊन टाकला, आणि टेबलावरचे चार बोर्ड उठेनात. नवा इंजिनिअर दोन दिवस डोकं खाजवत होता. मी त्याला सांगितलं, यांचं घर परवाच गेलं.

नियम मात्र राहिला. मालकांनी तो मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला आणि मला क्वालिटी हेड केलं. का केलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांच्या मुठीत एकच गोष्ट असली की माणसं एकमेकांशी फार सभ्य वागतात. अकरा वर्षं मी प्रत्येक पेटीसमोर उभी राहिले. हाताखालच्या मुलींपैकी कोणी पेटी न उठवता खूण केली तर मी तिला अशी झाडायचे की ती रडत घरी जायची. मला त्या राक्षसीण म्हणायच्या. पुढे कंपनी वाढली, पेट्या आंध्रात गेल्या, तमिळनाडूत गेल्या. परवाच्या फेब्रुवारीत शेडला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मालकांनी मला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, डोक्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे तयार फेटा, ठेवला आणि माइकवर म्हणाले, "तार काढून तपासायचा नियम आमच्या वनजाक्षी मॅडमनी आणला." टाळ्या पडल्या. मी हात जोडले. पेटा ढिला होता, डोळ्यांवर येत होता, आणि मी तो सावरत हसत उभी राहिले.

त्या रविवारी मी मद्दूरला गेले.

अकरा वर्षं मी स्वतःची समजूत घातली होती ती अशी: अण्णांनी कागद बघितला, त्यांना कळलं, आणि त्यांनी मला वाचवलं. माझं घर माझ्या एकटीवर चाललंय हे त्यांना माहीत होतं. मोठ्या मनाचा माणूस. देवाला दिवा लावताना मी त्यांचं नाव घ्यायचे. बसमध्येही मनात तेच घोळत होतं, पाया पडायचं आणि म्हणायचं, अण्णा, तुमचे उपकार.

बसस्टँडसमोर अण्णांचं दुकान. सेट-टॉप बॉक्स, मिक्सर, इस्त्र्या. अण्णा म्हणजे आता नुसती हाडं, भिंगाचा चष्मा. त्यांनी मला लगेच ओळखलं, हसले नाहीत. समोरच्या स्टुलावरचा मिक्सर उचलून खाली ठेवला. मी बसले.

"वहिनी?"

"गेली. चार वर्षं झाली."

मग मी सगळं सांगितलं. मालक अकराला आले ते, कॉफी, खुणा, 'हो अण्णा' म्हणाले ते. रडत रडत सांगितलं. ते ऐकत होते आणि हातातल्या बॉक्सचे स्क्रू काढत होते.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "सगळ्या खुणा एकसारख्या. पेटीसमोर पाच पाच मिनिटं उभ्या राहणाऱ्या माणसाच्या खुणा अशा येत नाहीत."

"तरी तुम्ही मला वाचवलंत अण्णा."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर ठेवला. "वाचवलं? तुला? माझ्या बायकोच्या डोळ्याला पट्टी होती, मला बावन्न वर्षं झाली होती. मी तुला कशाला वाचवेन?"

"मग बोलला का नाहीत?"

"माझी चूक होती ती मी बोललो. तुझी मी का बोलायची? ती तू बोलायची होतीस. मला चारलाच जा म्हणाले होते, मी सहापर्यंत बसलो. म्हटलं वनजा आहे, तोंडाची फटकळ आहे, जरा वेळ लागेल पण येईल. दोघांची चूक म्हटल्यावर अश्वत्थने मला ठेवलं असतं. निदान ते पत्र तरी तसं लिहिलं नसतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नंतर वॉचमनने दिवे घालवले."

"अण्णा, मला..."

"अश्वत्थला सांगितलंस, मी सगळ्यांना सांगणार आहे म्हणून?"

"नाही."

"त्या सिड्लघट्ट्याच्या बाईला?"

"नाही."

"म्हणजे मला एकट्याला सांगायला आलीस. आणि मला तर माहीतच होतं." आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. माझ्या मागे कोणीतरी इस्त्री घेऊन आलं होतं. अण्णा त्याच्याकडे बघून म्हणाले, "या," आणि मग मला म्हणाले, "तू जरा बाजूला हो. गिऱ्हाईक उभं आहे."

मी स्टुलावरून उठून बाजूला झाले.